इशारा पातळी

१८ जून, बुधवार

सकाळी सव्वासहा. रंकाळा. पाचवा किलोमीटर संपत आलेला. समोर डबकं आलं, डाव्या पायावर जोर देऊन उडी मारली आणि मागून कुणीतरी पोटरीवर दगड हाणला. वळून पाहिलं. कुणी नाही. वीसएक पावलांवर एक गृहस्थ छत्री मिटवत होते. त्यांनी कशाला मारावा?

पाय टेकवेना. रिक्षा केली.

आण्णा दारातच. "काय झालं?"

"चमक भरली असेल."

"बस हितं. तेल तापवतो."

रात्री. संध्याकाळी आण्णांनी अर्धा तास चोळलं. मोहरीचं तेल, कोमट. तालमीतला हात. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही अंगठ्यात ती ताकद आहे. मी उशीत तोंड खुपसून पडलेली. डोळ्यांतून पाणी. "सोस जरा. गाठ मोडल्याबिगर उतार न्हाई."

सोसलं.

१९ जून

रात्रभर झोप नाही. पोटरी गुळाच्या रव्यासारखी टणक. कातडी चकचकीत. ग्रंथालयात फोन करून रजा सांगितली. साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनला अजून पावणेतीन महिने आहेत. आठ दिवस गेले तरी भरून काढता येतील.

२० जून

हाडांचे डॉक्टर. गर्दी. आण्णा बरोबर, नको म्हटलं तरी.

पोटरी दाबून बघितली. मी ओरडले. "कुणी चोळलं का हे?"

आण्णा शेजारच्या खुर्चीत. मी म्हटलं, "मीच. थोडंसं."

डॉक्टर लिहीत राहिले. आधी कलर डॉपलर करून आणा म्हणाले. पोटरी अशी सुजली की दोन शक्यता असतात. स्नायू फाटलेला, नाहीतर खोल शिरेत रक्ताची गुठळी. "गुठळी असली आणि तिच्यावर चोळलं, तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते." हे त्यांनी कागदाकडं बघतच सांगितलं. कुणाला उद्देशून ते कळलं नाही.

गुठळी नाही. स्नायू फाटलाय. पोटरीचा आतल्या अंगाचा, खाली जिथं तो टेंडनला मिळतो तिथं. दुसऱ्या प्रतीचा, म्हणजे काही धागे तुटलेत, सगळे नाहीत. मधे रक्त साठलेलं. या दुखण्याला टेनिस लेग म्हणतात. जन्मात टेनिसची रॅकेट धरलेली नाही.

मनाई: चोळणं, शेकणं, ताणणं.

रिक्षात आण्णा पूर्ण वेळ बाहेर बघत होते. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

२१ जून

दोन्ही चपलांत टाचेखाली सेंटिमीटरभर जाडीची पट्टी. टाच उचललेली राहिली की पोटरीवर ओढ कमी पडते. एकाच पायात घातली तर कंबर बोंबलते म्हणून दोन्हीकडं. क्रेप बँडेज. झोपताना पायाखाली दोन उशा.

२२ जून

निळं खाली उतरलं. जखम पोटरीत, रंग घोट्याशी. टाचेच्या दोन्ही बाजूंना जांभळी नक्षी. लेकीला पुण्याला फोटो पाठवला. तिचा उलटा फोन लगेच, रडका. पाणी उताराकडं जातं, रक्तही जातं, त्यात काय एवढं, असं मीच तिला समजावलं.

तेलाची बाटली फडताळात नाही. माळ्यावर, पितळी डब्यामागं दिसली. स्टुलावर चढून ठेवली असणार. या वयात.

२४ जून

रजेवरचा ग्रंथपाल काय करणार, वाचणार. दुखावल्यावर विश्रांती, बर्फ, दाब, उंची हे चार शब्द अमेरिकेतल्या गेब मर्किन नावाच्या डॉक्टरनं १९७८ साली पुस्तकात लिहिले. जगभर बर्फाच्या पिशव्या झाल्या. २०१४ च्या सुमारास त्याच डॉक्टरनं लिहिलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांनी भरून यायला उलट उशीर होत असावा. सूज हे शरीराचंच काम आहे, ती अगदीच अडवू नये. स्वतःच्या नावावर गाजलेलं मत असं जाहीर मागं घ्यायला छाती लागते. आमच्याकडं नव्या आवृत्तीत शुद्धिपत्र टाकायलाही कुणी तयार नसतं.

मी बर्फ पहिल्या दिवशी लावलाच नव्हता. तेल लावलं.

२५ जून, बुधवार

फिजिओथेरपी. राजारामपुरीत, पहिल्या मजल्यावर. चौदा पायऱ्या, लिफ्ट नाही. पाय मोडलेल्यांनी चौदा पायऱ्या चढून जायचं आणि मग विचारायचं, बरा होईल का?

फिजिओ म्हणजे अठ्ठावीसेक वर्षांची मुलगी, मूळची गडहिंग्लजची. पहिल्याच वाक्यात मला काकू. ४७ ला काकू. असो.

वीस मिनिटं तिनं पायाला हात लावला नाही. विचारत राहिली. कुठं बसता, किती पायऱ्या, रात्री कुशीवर वळताना दुखतं का? मग आकडा. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. "व्यायाम करताना ३ पर्यंत गेलं तरी चालू ठेवा. ५ झालं की थांबा. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाढलेलं वाटलं तर समजायचं, काल जास्त झालं."

"पंचगंगेगत," मी म्हटलं. "३९ फुटांवर इशारा, ४३ ला धोका."

"हो की ओ!" तिनं ते भिंतीवरच्या फळ्यावर लिहूनच ठेवलं.

मालिश? अजून आठवडाभर नाही. ताज्या जखमेवर जोर दिला की भरत आलेलं पुन्हा वाहतं. फार रगडलं तर क्वचित त्या साकळलेल्या रक्तात हाडासारखं कठीण काहीतरी तयार होतं, मांडीला जास्त, पण होतं. आधी कुणी चोळलं होतं का? इथं खरं सांगितलं.

"आजोबा तालमीतले का?"

"हो."

"आठवड्याला एक तरी येतं असं." एवढंच म्हणाली आणि पुढचा कागद घेतला.

२७ जून

टॉवेलची गुंडाळी भिंतीशी, तळवा तिच्यावर दाबायचा. पाय हलायचा नाही, नुसता जोर. तीस सेकंद, पाच वेळा. आकडा २. दाबून धरलेलं सोडलं की थोडा वेळ दुखणं कमी. हे कसं काय, विचारायला हवं.

३० जून

आण्णा माझ्या पायाकडं बघत नाहीत. चहाचा कप देतात, नजर कॅलेंडरवर.

२ जुलै, बुधवार

पहिली मालिश. चौदाव्या दिवशी.

पालथं झोपवलं, घोट्याखाली उशी. तेल चार थेंब. तिनं हात ठेवला तो मांडीच्या मागं. म्हटलं, पोटरी खाली आहे. "माहितेय." मांडीची मागची बाजू, जिला काही झालं नव्हतं, ती लाकडासारखी. दोन आठवडे ती पोटरीची राखण करत बसली होती, मला पत्ता नाही. तिथं दोन मिनिटं नुसता तळहात. मग खालून वर, हृदयाच्या दिशेनं, लांब, संथ. इतकं हलकं की सुरुवात कधी होणार असं वाटत होतं, तेव्हा पाच मिनिटं होऊन गेलेली. फाटलेल्या जागेच्या वरून गेली, खालून गेली, बाजूनं गेली. थेट तिच्यावर एकदाही नाही.

"दुखलं तर आकडा सांगा." सांगायची वेळ आली नाही.

बारा मिनिटं. चारशे रुपये. उठले तर पाय जरा माझा वाटला.

लगेच पायऱ्या उतरायच्या नाहीत म्हणाली. आधी तिथंच व्यायाम. मालिशनं पाय मोकळा वाटतो तो काही तास. तेवढ्या वेळात पायाकडून काम करून घ्यायचं.

३ जुलै

चोळणं. रगडणं. चेपणं. दाबणं. मळणं. थोपटणं. मर्दन. बाळंतिणीचं अंग चोळतात, सासूचे पाय चेपतात, पैलवानाचं अंग रगडतात. एकाचं दुसऱ्याला चालत नाही. बाळंतिणीला रगडलं असं कुणी म्हणणार नाही.

इंग्रजी पुस्तकांत या प्रकारांना फ्रेंच नावं आहेत. एफ्लुराज म्हणजे लांब हात फिरवणं, पेट्रिसाज म्हणजे मळणं. ती नावं रूढ केली असं ज्याच्याबद्दल सांगतात तो मेझगर हा डच डॉक्टर, एकोणिसाव्या शतकातला, आम्स्टरडॅमचा. आणि सगळ्याला मिळून म्हणतात स्वीडिश मसाज. एका पाठीवर तीन देश.

६ जुलै, रविवार

आषाढी. गल्लीतली दिंडी पहाटे नंदवाळला गेली. आठ वर्षांत पहिल्यांदा मी नाही. उंबऱ्यावर उभी राहून टाळांचा आवाज बोळ ओलांडेपर्यंत ऐकला. साबुदाणा चिकट झाला.

८ जुलै

कामावर. रिक्षा जायला साठ, यायला साठ. ग्रंथालयातली शिडी कुणीतरी माझ्या टेबलापासून दूर नेऊन ठेवलीय. शिपायाचं काम. बोलला काही नाही.

उभ्यानं दोन्ही टाचा उचलणं सुरू. दहा, तीनदा. आकडा ३.

१२ जुलै

मोजमाप. गुडघ्याच्या वाटीखाली दहा सेंटिमीटरवर फितीनं घेर: उजवी ३५, डावी ३३.५. तीन आठवड्यांत दीड सेंटिमीटर गेला. भिंतीसमोर पाऊल ठेवून, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा, अंगठा भिंतीपासून किती लांब ते बघायचं. उजवा ११. डावा ४.

हे आकडे घरी फ्रिजवर लावले. आण्णांनी चष्मा लावून वाचले, मी स्वयंपाकघरात नाही असं समजून.

१६ जुलै, बुधवार

आण्णा आज स्वतःहून आले. "रिकामाच हाय," म्हणाले. चौदा पायऱ्या, मधे एकदा थांबून. आम्ही दोघंही थांबलो, कोण कुणासाठी ते ठरवलं नाही.

आज पहिल्यांदा थेट जखमेच्या जागी. तिनं तेल पुसून काढलं, बोटांना पावडर लावली. आण्णा खुर्चीत पुढं सरकले.

"तेलाबिगर?"

"तेलानं बोट घसरतं, आजोबा. इथं घसरून चालत नाही. कातडी आणि बोट एकदम हलायला पाहिजे, तर आतल्यापर्यंत पोचतं."

दोन बोटं एकावर एक. स्नायूच्या धाग्यांना आडवं. जेमतेम इंचभर मागं-पुढं. सिरियाक्स नावाच्या इंग्रज डॉक्टरनं गेल्या शतकात ही आडवी पद्धत रूढ केली. पहिलं मिनिट वाईट, ४. मग ३. मग बधिर झाल्यागत २. पाच मिनिटांत थांबली.

मग तिनं जे केलं ते मला सुचलं नसतं. "आजोबा, या इकडं. बोट ठेवा."

आण्णा उठले नाहीत.

"या ओ. तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल."

धोतराला हात पुसले. आले. बोट ठेवलं. पोटरीवर त्यांचं बोट आलं तसा माझा पाय आखडला. मी आखडला नाही, तो आखडला. त्यांना कळलं. बोट उचललं.

"परत ठेवा," ती म्हणाली. "थांबा तसंच. दाबू नका."

थांबले. किती वेळ कोण जाणे. पंख्याचा आवाज. पाय सैल झाला.

"गाठ हाय," आण्णा म्हणाले. "सुपारीएवढी."

"हो. पुढल्या महिन्यात बघा परत."

१९ जुलै

जेवताना आण्णा आपणहून बोलले. वस्तादाची गोष्ट. जोर-बैठका झाल्या की पोरांनी एकमेकांचं अंग रगडायचं, थोरल्या पैलवानाचं दोघांनी मिळून. हौद्यातल्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू. पण कुणाच्या मांडीत नाहीतर दंडात काही तुटल्याचा आवाज आला तर वस्ताद त्याला भिंतीशी बसवायचा. आंबेहळदीचा लेप. सूज उतरेस्तोवर हात लावेल त्याचा हात मोडीन म्हणायचा.

"थकलेलं अंग निराळं, फाटलेलं निराळं. म्हाईत हुतं की मला."

भाकरीचा तुकडा मोडला, खाल्ला नाही.

"तू रडत हुतीस," म्हणाले. "काय आठवलंच न्हाई मग."

मी आमटी वाढली. काय बोलायचं असतं अशा वेळी?

२३ जुलै

गाढवपणा. काल मालिशनंतर पाय इतका हलका होता की संध्याकाळी एका पायावर टाच उचलायला लागले. पंधरा. मग अजून दहा. आज सकाळी पलंगावरून उतरताना ६. धोका पातळी ओलांडून दोन हात वर.

२४ जुलै

बोलणी खाल्ली. "मालिशनं बरं वाटतं म्हणजे बरं झालं असं नाही, काकू. वाटणं वेगळं. धागा नवीन आहे, कच्चा. आधी घाईघाईत विणलेला असतो, मग हळूहळू पक्का धागा त्याची जागा घेतो, तो ओढीच्या दिशेनं लागायला महिने जातात." फाटलेलं नाही नवीन काही, हे तिनं चाचपून सांगितलं. चार दिवस मागं.

तिला विचारलं, मग मालिशनं होतं काय नक्की? गाठ फुटते?

हसली. "बोटांनी गाठ फोडता आली असती तर मी दुप्पट फी घेतली असती. फुटत नाही. दुखणं कमी होतं, आखडलेलं सैल सोडतं. तुमचा मेंदू त्या जागेवर पहारा ठेवून बसलाय. त्याला रोज थोडं दाखवायचं, बघ, इथं हात लावला, काही झालं नाही."

असं सांगणारे कमी. गावात "नस दबली, गाठ मोडतो, तीन बैठकांत मोकळं" असल्या पाट्या बघते मी येता-जाता.

२६ जुलै

वाचलं. कॅनडात, मॅकमास्टर विद्यापीठात, २०१२ चं काम. अकरा तरुणांना दमेपर्यंत सायकल मारायला लावली, मग एकाच मांडीला मालिश, दुसरीला नाही. दोन्हींचे सुईनं तुकडे काढून तपासले. मालिश केलेल्या बाजूला दाह वाढवणारे संदेश कमी. मालिशनं स्नायूतलं लॅक्टिक आम्ल निघून जातं असं सगळे सांगतात, त्यात मात्र काही फरक नाही.

अकराच जण. आणि थकलेल्या मांड्या, फाटलेल्या नाहीत. आण्णांचा वस्ताद इथंही लागू.

२ ऑगस्ट

पुन्हा दोन पायांवर. पंधरा, तीनदा. आकडा २. सकाळी १.

भिंत: ७.

५ ऑगस्ट

चिडचिड. रंकाळ्यावर बरोबर धावणाऱ्या बायकांनी व्हॉट्सॲपवर यवतेश्वरच्या घाटात सरावाला गेल्याचे फोटो टाकले. सगळ्यांचे चेहरे लाल. मी अंगठा दाखवला. फोन पालथा.

सातारा रद्द केलं, कुणाला न सांगता. पैसे परत मिळत नाहीत.

९ ऑगस्ट

सलग सहा मिनिटं भरभर चालले. मग लक्षात आलं की पोटरीचा विचार सहा मिनिटं केला नाही.

१६ ऑगस्ट

पाऊस सुटत नाही. राधानगरीचे दरवाजे उघडल्याची बातमी. ते आपोआप उघडतात, पाणी ठरावीक उंचीला आलं की. २०१९ ला आमच्या बोळाच्या तोंडाशी पाणी होतं, तेव्हापासून पाण्याची पहिली रेघ सगळ्यांच्या पोटात उमटते.

१८ ऑगस्ट

इशारा पातळी ओलांडली. खालच्या घरांतल्या लोकांनी सामान वर नेलं. आम्हीही तांदळाचा डबा टेबलावर. उद्याची फिजिओची वेळ तिनंच फोन करून रद्द केली. "घरी करा. लांब हात फिरवायचा, आडवं नको. कुणी आहे ना करायला?"

"आहे," म्हटलं.

१९ ऑगस्ट

पाऊस. वीज दुपारपासून नाही. पोटरी कालपासून आखडलेली, ओल असेल किंवा बसून बसून. स्वतःच्या पोटरीला स्वतःचा हात नीट पोचत नाही, पोचला तरी कंबर वाकून पाय सैल सुटत नाही.

म्हटलं, "आण्णा, हात लावा जरा."

खिडकीशी बसले होते. "मला न्हाई जमायचं."

"दाबायचं नाही. ती करते तसं. तुम्ही बघितलंय."

बराच वेळ काही नाही. मग उठले. हात धुतले, साबणानं, कोपरापर्यंत, ऑपरेशनला निघाल्यागत. माळ्याकडं बघितलं. मी म्हटलं, चढू नका, खोबरेल आहे. चार थेंब.

मी पालथी. कंदिलाचा उजेड. हात मांडीच्या मागं ठेवला. तिथूनच. बघून ठेवलं होतं सगळं.

"आकडा सांग."

"एक."

हात वर आला, खालपासून, सावकाश.

"आता?"

"दोन."

थांबले. हात तिथंच.

"आता?"

"एक."

"आता?"

"एक, आण्णा."

प्रत्येक फेरीला विचारलं. पहिल्या दिवशी अर्धा तास रगडलं होतं, आज पाच मिनिटांत हात थांबला. वाटलं, घाबरले. वळून पाहिलं तर उजवा अंगठा डाव्या मुठीत धरून बसलेले. अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर आल्यासारखा उंचवटा. हा कधीपासून आहे?

"लई वर्सं झाली," म्हणाले. "तू झोप."

२१ ऑगस्ट

पाणी उतरू लागलं. बोळापर्यंत आलं नाही.

२३ ऑगस्ट

फिजिओ. आण्णांना घेऊन गेले, अंगठा दाखवायला. "तुझ्या पायासाठी येतो," असं घरातून निघताना म्हणत होते. तिनं अंगठा फिरवून बघितला, करकर ऐकू आली. सांध्याची झीज. अंगठ्याला पट्टा, गरम पाण्यात हात, बाटलीची झाकणं आता दुसऱ्यानं उघडायची. किती अंगं रगडली असतील तालमीत, तिनं विचारलं.

"मोजली न्हाईत. मोजायची असत्यात काय?"

तिनं त्यांच्याकडून पैसे घेतले नाहीत. आण्णांनी संध्याकाळी मला न सांगता कुणाकरवी गुळाचा रवा पाठवला. चाळीस वर्षं गुळाच्या अडतीत दिवाणजी, निवड चांगली.

२७ ऑगस्ट

गणपती बसले. मोदक एकवीस. उभं राहून केले सगळे, मधे बसले नाही. रात्री आकडा १.

३० ऑगस्ट

घेर: उजवी ३५, डावी ३४.५. भिंत: १०. गाठ आण्णांनी चाचपली. "शेंगदाणा."

एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं, सहा वेळा. फिजिओच्या दवाखान्याखालच्या गल्लीत, ती वरून खिडकीतून बघत होती. पहिल्या मिनिटात सगळं अंग मागून दगड येण्याची वाट बघत होतं. आला नाही. तिसऱ्या मिनिटाला एक कुत्रं मागं लागलं, त्यामुळं चौथं जरा जोरात झालं.

६ सप्टेंबर

विसर्जन. आण्णा मिरवणूक बघायला गेले नाहीत, डॉल्बीनं छातीत धडधडतं. खिडकीत बसून अंगठ्याचा पट्टा काढून-घालून बघत होते. कामाचा नाही म्हणतात. घालतात मात्र.

१४ सप्टेंबर, रविवार

बाकीच्या पहाटे तीनला जीप करून गेल्या, आज सातारा. मी रंकाळा. डबक्यापाशी आले. तेच डबकं, महापालिका कुणालाही निराश करत नाही. थांबले. वळसा घालून गेले.

एक फेरी, अर्धी धावत, अर्धी चालत. शून्य.

१६ सप्टेंबर

धावण्यासाठी पूर्ण परवानगी कधी, तर एका डाव्या पायावर पंचवीस टाचा सलग उचलता आल्या की. उजव्यावर येतात.

संध्याकाळी सोप्यात, भिंतीला दोन बोटं टेकवून सुरू केलं. आण्णा खुर्चीत, मोजायला. कुणी सांगितलं नव्हतं. अठरानंतर पोटरी पेटली. आकडा ३. विसाला भिंतीवरची बोटं पांढरी. पंचवीस म्हणून पाय टेकला, घाम पुसला.

"बावीस," आण्णा म्हणाले.

"पंचवीस झाले. मी मोजले."

"शेवटच्या तिनात टाच पुरी उचलली न्हाईस. ते धरत न्हाईत."